मॉड-पीएचपीवरून एफपीएमवर: माझा अनुभव

लासलगाव, पिंपळगाव, येवला इथले कांद्याचे भाव दाखवणारी एक छोटी साइट आम्ही नाशिकमधून चालवतो. सकाळी लिलाव सुरू झाले की शेतकरी धडाधड साइट उघडतात, आणि नेमकी तेव्हाच ती मान टाकायची. सर्व्हर दोन जीबी रॅमचा, आणि पीएचपी (साइटची पानं तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा) अपाची या वेब सर्व्हरच्या पोटातच, म्हणजे मॉड-पीएचपी.

मॉड-पीएचपी बसवायला सोपं. पण त्यासाठी अपाची सहसा प्रीफोर्क पद्धतीने चालवावा लागतो: एका प्रोसेसकडे (चालू प्रोग्रॅमच्या एका प्रतीकडे) एका वेळी एकच कनेक्शन. नुसता लोगो द्यायचा असला तरी ती प्रोसेस अख्खं पीएचपी अंगावर घेऊन बसते, आणि कीप-अलाइव्हमुळे (पुढच्या विनंतीसाठी कनेक्शन उघडं ठेवण्यामुळे) काम संपल्यावरही काही सेकंद अडकून राहते. सकाळी 'टॉप' (प्रोसेस आणि रॅम दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर रॅम संपलेली, स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू, डेटाबेस गुदमरलेला.

मग पीएचपी अपाचीबाहेर चालवायचं ठरवलं. त्यासाठीची जुनी पद्धत, सीजीआय, बादच केली. दर विनंतीला नवी प्रोसेस कोण उभी करणार? फास्टसीजीआयमध्ये प्रोसेस जिवंत राहतात, आणि त्या सांभाळणारा एफपीएम (फास्टसीजीआय प्रोसेस मॅनेजर) २०१० पासून, म्हणजे ५.३.३ आवृत्तीपासून, पीएचपीसोबतच येतो. तोच घेतला. अपाची इव्हेंट पद्धतीवर (एक प्रोसेस अनेक कनेक्शन सांभाळते) नेला आणि पीएचपीचं काम सॉकेटमधून (दोन प्रोग्रॅममधल्या जोडणीतून) एफपीएमकडे सोपवलं.

बदल केला त्या सकाळी साइटवर एरर ५००, म्हणजे सर्व्हरवरच काहीतरी बिघडलेलं. लासलगावहून मामांचा फोन: "काय रे, भाव उघडंना झालेत!"

"मामा, थोडं थांबा, बघतोच."

लॉगमध्ये कारण लगेच दिसलं. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधल्या (फोल्डरपुरत्या अपाचीच्या सेटिंगची फाइल) 'पीएचपी व्हॅल्यू'च्या, म्हणजे पीएचपीच्या सेटिंगच्या, ओळी फक्त मॉड-पीएचपीला कळतात. तो काढला की अपाची त्यांवर अडतो. त्या सेटिंग पीएचपीच्या स्वतःच्या 'यूझर आयएनआय' फाइलमध्ये हलवल्या. ही फाइल पीएचपी ३०० सेकंद लक्षात ठेवतं, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका.

खरं डोकं लागलं ते 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एफपीएमच्या एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस, हे ठरवताना. आमची एक प्रोसेस साधारण ५० एमबी खात होती. निम्मी रॅम डेटाबेस आणि सिस्टिमला ठेवली, उरलेल्या एक जीबीला ५० ने भागलं आणि आकडा २० ठेवला. त्यावरच्या विनंत्या रांगेत थांबतात, पण सर्व्हर कोसळत नाही.

आता त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या साइटला वेगळा पूल (एफपीएमच्या प्रोसेसचा गट) आणि वेगळा यूझर दिलाय. मॉड-पीएचपीत सगळ्या साइट एकाच यूझरच्या नावाने चालत. एकीत भगदाड पडलं तर दुसरीच्या फाइलीही उघड्या. माझ्या मते बदल करायला हे एक कारणही पुरेसं होतं.