फंक्शन परतले की वॉचपॉइंटचे काय होते?

जीडीबी या डिबगरमध्ये (प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनात) लोकल व्हेरिएबलवर वॉचपॉइंट, म्हणजे किंमत बदलताच प्रोग्राम थांबवणारा पहारा, लावला आणि ते फंक्शन परतले, की प्रोग्राम थांबतो आणि संदेश येतो: ज्या ब्लॉकमध्ये हे व्हेरिएबल वैध होते त्यातून प्रोग्राम बाहेर पडला, म्हणून वॉचपॉइंट काढून टाकला आहे. नवख्याला हा आगाऊपणा वाटतो. माझ्या मते दुसरा कोणताही मार्ग याहून वाईट ठरला असता.

मुळात प्रोसेसरला व्हेरिएबल ठाऊकच नसते. एक्स८६ या प्रोसेसर-कुळात, १९८५ च्या ८०३८६ पासून, पहाऱ्याचे पत्ते ठेवायला डीआर० ते डीआर३ ही चारच रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) आहेत. फंक्शन परतले तरी पत्ता जागेवरच राहतो. समजा व्हेरिएबलचे नाव टोटल आहे. पुढे बोलावलेले प्रिंटएफ स्टॅकचा (फंक्शनची लोकल व्हेरिएबल जिथे राहतात त्या मेमरीचा) तोच भाग वापरून तिथे भलतेच काही लिहू शकते, आणि पहारा कायम असेल तर 'टोटल बदलले' अशी आवई उठते, जेव्हा टोटल अस्तित्वातच नसते.

म्हणून जीडीबी वॉचपॉइंट लावतानाच त्या वेळची फ्रेम (फंक्शनच्या त्या एका कॉलचा स्टॅकवरचा भाग) नोंदवतो आणि कॉलरमध्ये नियंत्रण जिथे परतणार, तिथे स्वतःचा एक छुपा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) ठेवतो. रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावते तेव्हा, अनेक फ्रेमचा परतीचा पत्ता एकच असू शकतो, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर फ्रेमची ओळखही ताडली जाते आणि आतल्या कॉलमधून झालेले परतणे सोडून दिले जाते. थांबण्याची जागाही निरखून पाहावी: 'इंट आर = बेरीज(अ, ब);' या ओळीत कॉल पुरा झालेला असतो, ६४-बिट यंत्रावर उत्तर आरएएक्स या रजिस्टरमध्ये आलेले असते, पण आर छापून पाहिला तर त्यात अजून जुना कचराच असतो, कारण ओळ अर्धीच झालेली असते.

कंपायलरने वेगासाठी केलेल्या ऑप्टिमायझेशनमुळे व्हेरिएबल मेमरीऐवजी रजिस्टरमध्ये असेल, तर पहारा ठेवायला पत्ताच नसतो. मग जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून किंमत तपासतो आणि प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो.

मात्र लोकल व्हेरिएबलचा पॉइंटर बाहेर निसटला असेल आणि फंक्शन संपल्यावरही त्या जागेवर कोण लिहिते हेच शोधायचे असेल, तर 'वॉच -लोकेशन' वापरावे. त्यात नाव बाजूला राहते, पत्ता तेवढा धरला जातो आणि फ्रेम गेली तरी पहारा उठत नाही. मग त्या खोट्या आवयाही सोबत येतात. प्रत्येक थांब्यावर बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलावले याची यादी) पाहून स्टॅकचा रीतसर पुनर्वापर कोणता आणि निसटलेल्या पॉइंटरने केलेले लेखन कोणते, हे आपणच ठरवायचे.