नांगरावर उभं राहून नापास

यंदा आमच्या वाफेवर चालणाऱ्या, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) नेणाऱ्या शिपला कार्बन रेटिंगमध्ये 'डी' मिळाला. मेल मेसमध्ये पोचायच्या आत मोटरशिपवाल्या (डिझेल किंवा गॅस इंजिनच्या जहाजांवरच्या) आपल्या मंडळींचा ग्रुप सुरू, "स्टीमवाल्यांचं म्युझियम निघालं भंगारात!" म्हणून वॉच (ड्युटीची पाळी) संपल्यावर झोपायचं सोडून हे लिहितोय.

नियम २०२३ पासूनचा. वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याला जहाजाची क्षमता आणि कापलेले मैल यांनी भागायचं आणि ए ते ई ग्रेड द्यायची. तीन वर्षं लागोपाठ डी किंवा एकदाच ई आला की सुधारणेचा प्लॅन द्या. ऐकायला रास्त वाटतं. पण आमचा माल म्हणजे उणे १६२ डिग्रीचा एलएनजी, आणि आमच्यासारख्या जुन्या शिपच्या टाक्यांतून तो रोज साधारण ०.१५ टक्के उकळतोच, सव्वा लाख घनमीटर भरलेला असेल तर दिवसाला १८०-१९० घनमीटर लिक्विड गेलं. अडवून ठेवलं तर टाकीचं प्रेशर चढतं. मग तोच गॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं, चालत असलो की झकास.

पण बर्थ (धक्क्यावरची जागा) रिकामा नाही म्हणून बंदराबाहेर नांगर टाकला की? गॅसला कोण सांगणार थांब म्हणून. तो जाळायचा, टर्बाइनला नको असलेली वाफ तशीच कंडेन्सरमध्ये (समुद्राच्या पाण्याने वाफ थंड करणाऱ्या टाकीत) सोडायची आणि समुद्राचं पाणी तापवत बसायचं. याला आम्ही स्टीम डंप म्हणतो. मैल शून्य, कार्बन चालू. वाट बघायला लावणार पोर्टवाले आणि चार्टरर (जहाज भाड्याने घेणारे), नापास होणार आम्ही!

बरं, स्टीम खादाड आहे हे मान्य. इंधनातली जेमतेम ३० टक्के उष्णता प्रोपेलरच्या शाफ्टपर्यंत पोचते, मोठं डिझेल इंजिन ५० टक्क्यांपर्यंत जातं. १९७३ नंतर तेल महागलं तेव्हा क्रूड टँकरवाल्यांनी हळूहळू वाफ सोडली ती याच हिशोबाने. पण ४५८ मीटरचा सीवाइज जायंट, आजवरचा सगळ्यात लांब टँकर, वाफेवरच चालायचा (अलंगला तोडायला गेला शेवटी, ते जाऊ दे). आणि मिथेनचं काय? नव्या गॅस इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच बाहेर पडतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापदायक. आमच्या बॉयलरमध्ये जवळपास सगळा जळतो. पण या ग्रेडमध्ये मिथेन मोजतच नाहीत, त्यामुळे त्याचे मार्क नाहीत.

आमच्या इंजिनरूममध्ये माणूस माणसाशी न ओरडता बोलू शकतो, हे मोटरवाल्यांना खरं वाटत नाही. धोका मात्र वेगळा. ६० बार दाबाची, ५०० डिग्रीच्या वरची वाफ गळायला लागली तर दिसत नाही, फक्त किंचाळल्यासारखा आवाज येतो. आमचा क्रोएशियन चीफ इंजिनिअर अशा वेळी सगळ्यांना जागेवर उभं करतो, लांब दांड्याची केरसुणी हातात घेतो आणि पाइपच्या कडेने ती पुढे पुढे धरत चालतो. लीक जिथे असेल तिथे केरसुणीच्या काड्या तुटून उडतात. सेन्सर-बिन्सर सगळं आहे, तरी दांडा लागतोच.

आणि घाई चालत नाही. टर्बाइनचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, गरम असताना नुसता उभा राहिला तर वाकतो, म्हणून मॅन्युव्हरिंगमध्ये (बंदरात शिप आत-बाहेर करताना) थांबलो तरी दर काही मिनिटांनी जराशी वाफ देऊन तो पुढे-मागे हलवावा लागतो. प्रोपेलर हलला की बंदराचा पायलट (वाट दाखवणारा) ब्रिजवरून विचारणार, "मी स्टॉप सांगितलं ना?" दर पोर्टला हाच संवाद. शिवाय मागे जायला वेगळं छोटं टर्बाइन, ताकद पुढच्याच्या निम्मीही नाही, त्यामुळे ब्रेक मारल्यासारखी शिप थांबेल अशी अपेक्षाच करू नका.

पॉवर लिमिट, म्हणजे ताकदीवर मर्यादा, बसलीच आहे आमच्या टर्बाइनला. अशा शिप एकेक करून लेअपला (काम बंद करून नुसत्या उभ्या राहायला) किंवा तोडायला चालल्यात हे मलाही दिसतं. तिकीट (इंजिनिअरचं लायसन्स) मोटरचंही आहे माझ्याकडे, पण सी-टाइम (जहाजावरचा अनुभव) सगळा स्टीमचा, त्यामुळे परवा एका कंपनीने फोनवर विचारलं, ड्युअल फ्युएलचा, म्हणजे गॅस आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनांचा, अनुभव आहे का? अहो, एकाच बॉयलरमध्ये गॅस आणि तेल दोन्ही जाळतो आम्ही, एलएनजीची नियमित ने-आण करणारी पहिली जहाजं १९६४ साली अल्जेरियाहून इंग्लंडला जायला लागली तीही वाफेवरच, हे ड्युअल फ्युएल नाही तर काय आहे?