संडासाच्या टाक्या उपसायचा चालू धंदा घेतला, त्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रस भागात विजेच्या खांबांवर, पुलांच्या कठड्यांवर ‘शौचालय टाकी सफाई’ आणि खाली मोबाइल नंबर रंगवलेला दिसतो. धंदा विकत घेताना खरा सौदा त्या नंबराचा असतो, हे मला ट्रॅक्टर-टँकरचा भाव ठरल्यावर कळलं. गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांतून एकदा बोलावतं. मालकाचं नाव त्याच्या ध्यानात राहत नाही, ते सरळ खांबापाशी जातं. म्हणून कागदात पहिली अट हीच टाकली: सिम माझ्या नावावर झाल्यावरच शेवटचा हप्ता.

दुसरी अट वकिलानं सुचवली. ‘हा धंदा पुन्हा करणार नाही’ असं विकणाऱ्याकडून नुसतं लिहून घेतलं तर करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. धंद्याचं गुडविल, म्हणजे नाव आणि बांधलेली गिऱ्हाईकं, विकलं असं स्पष्ट लिहून, वाजवी हद्द घालून दिली, तर टिकतं. आम्ही दोन तालुके लिहिले. पूर्ण जिल्हा लिहायचा मोह आवरला.

टँकर ४,००० लिटरचा, पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा. विकणारा विहिरीचं पाणी ओढून दाखवतो, पण पाणी तर झिजलेला पंपही ओढतो. टाकी रिकामी ठेवायची, सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, व्हॅक्यूम (आतली हवा ओढून झालेली पोकळी) दाखवणारा काटा पाऱ्याच्या ५०० मि.मी.पर्यंत नेऊन पंप थांबवायचा आणि १० मिनिटं काट्याकडे पाहत बसायचं. माझ्यासमोर तो ३०० वर उतरला. गळती कुठे आहे हे व्हॅक्यूममध्ये दिसत नाही, साबणाचं पाणी आत ओढलं जातं. पंपावरचा दिशा बदलायचा दांडा उलटा फिरवून टाकीत अगदी थोडी हवा भरली, मग साबण लावला; बुडबुडे मागच्या झाकणाच्या रबरावर आणि ३ इंची गेट व्हॉल्व्हवर आले. दोन्ही किरकोळ कामं, बदलली की झालं.

पत्रा मात्र किरकोळ नाही. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वरच्या ओलसर पत्र्यावर आम्ल बनवतो, त्यामुळे तळाइतकंच छतही हातोडीनं ठोकून पाहायचं. जिथं खणखणीत आवाज येत नाही तिथं पत्रा खाल्लेला. असा टँकर व्हॅक्यूममध्ये आतल्या बाजूला चेपतो, आणि नवा रंग दिला असेल तर संशय आणखी वाढवायचा.

पंपाच्या आधी एक छोटं भांडं असतं, त्यात तरंगता चेंडू. टाकी भरली की चेंडू वर चढून पंपाचा रस्ता बंद करतो. चेंडू अडकला तर मैला पंपात शिरतो आणि आतली पाती तुटतात. हे भांडं रोज खालून नळ उघडून रिकामं करावं लागतं. विकणाऱ्यानं ते किती दिवसांत उघडलं नव्हतं हे नळाच्या गंजावरून दिसलं.

५०० मि.मी.च्या ओढीनं, पाण्याचा हिशेब धरला तर, ६.८ मीटर खोलीतून ओढता येतं. घट्ट गाळ आणि १०० फूट पाइप असेल तर त्याहून बरंच कमी. म्हणून खोल टाक्यात आधी पाणी सोडून बांबूनं ढवळावं लागतं.

कागदपत्रांत मोठा खड्डा वेगळाच निघाला. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवलेला, वापर भाड्याचा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारते. नाव बदलायला आरटीओत फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, कर्ज फेडलेलं असेल तर बँकेच्या दाखल्यासह फॉर्म ३५. गाडीचं हस्तांतर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायचा. जुन्या मालकाचा नगर परिषदेचा परवाना आपल्याकडे येत नाही, नवा अर्ज करावा लागतो. मैला कुठे रिता करतो, हे त्याच्यासोबत फेरी मारूनच पाहायचं. ‘एका वावरात टाकतो’ हे उत्तर असेल तर भावात तेवढी कपात मागा, कारण उद्या नाल्यातल्या घाणीची तक्रार तुमच्या नंबरावर येणार. प्रक्रिया केंद्रापर्यंतचं डिझेल प्रत्येक फेरीत धरल्यावर माझा नफ्याचा आकडा निम्मा झाला.

गावं मोजतानाही फसायला होतं. दोन खड्ड्यांचे संडास असलेली घरं आपली गिऱ्हाईकं नव्हेत. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करतात, पहिल्यातला मैला दीड-दोन वर्षांत वाळून खत होतो. आपली गिऱ्हाईकं म्हणजे पक्क्या टाक्याची घरं.

पावसाळ्यात फोन सर्वांत जास्त, कटकटीही. काळी माती फुगते, शोषखड्डा पाणी घेत नाही, उलट बाहेरचं पाणी टाक्यात येतं. उपसून आठ दिवस झाले नाहीत तोच फोन: “भाऊ, पैसे घेऊन गेले अन् टाकं तं पुन्हा भरलं जी!” आता जुलैत आधीच सांगतो की पाणी ओढीन, दोष टाक्याचा नाही, जमिनीचा. पूर्ण रिकामं तर तेव्हा करतच नाही. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं जुन्या भिंती आत येतात.

टाक्यात कोणीही उतरायचं नाही, पाइप पडला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडचा आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच काम करत नाही, वास गेला म्हणून माणूस फसतो. हातानं मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं अशी जोखमीची सफाई बंद आहे, आणि मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये ठरवली आहे.

सौद्यात फुकट मिळालेली गोष्ट म्हणजे त्याची डायरी. घराच्या नावासमोर तारीख, फेऱ्या आणि एखादी ओळ: ‘झाकण मोरीच्या फरशीखाली’, ‘ट्रॅक्टर गोठ्याच्या बाजूनं लावा’, ‘पाइप ९० फूट’.