५६० किमी, दोन थांबे: इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा हिशोब

एकूण अंतर ५६० किमी, शेवटच्या टप्प्यात ७०० मीटरची चढण. बॅटरीतले वापरता येणारे युनिट ४५. चौघं जण, सामान, एसी चालू आणि ताशी ९०चा वेग, यात सपाटीवर १०० किमीला १६ युनिट लागले. थांबे ठरवताना आपल्या गाडीचा असा हायवेवरचा आकडाच धरा. स्क्रीनवरची रेंज, म्हणजे उरलेल्या चार्जमध्ये किती किमी जाता येईल तो आकडा, आधीच्या ड्रायव्हिंगवरून काढलेली असते, त्यामुळे शहरात फिरलेली गाडी हायवेला लागली की ही रेंज भराभर उतरते. ९०चे ११० केले तर हवेचा रोध जवळपास दीडपट होतो.

पहिला टप्पा २२५ किमीचा. १०० टक्क्यांवर निघून २० वर पोहोचलो. हा थांबा निवडायचं कारण म्हणजे २५ किमी पुढे दुसरा चार्जर होता आणि उरलेल्या चार्जमध्ये तिथे आरामात जाता आलं असतं. चार्जर बंद निघाला तर जायचं कुठे, याचं उत्तर नसेल तर तो थांबा यादीत धरूच नका. अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ दिसणं पुरेसं नाही. त्याच दिवशी तिथे कुणाची गाडी चार्ज झाली आहे का, ते बघा. बंद वाटणाऱ्या मशीनचं लाल इमर्जन्सी बटण बऱ्याचदा कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं. जळका वास किंवा वितळलेली वायर नसेल, तर तिथल्या माणसाला विचारून ते बाणाच्या दिशेने फिरवा. बटण बाहेर येतं आणि मशीन पुन्हा सुरू होतं.

पाटीवर ५० किलोवॉट लिहिलेलं असलं तरी गन, म्हणजे गाडीत लावायचा चार्जरचा प्लग, १२५ अँपिअरची होती. बॅटरी ३५० व्होल्टच्या आसपास असल्याने ४४ किलोवॉटच्या वर मिळणं शक्यच नव्हतं. २० ते ८० टक्के, म्हणजे २७ युनिट भरायला ४० मिनिटं लागली. ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, म्हणून तिथेच गन काढली. पुढचे १७० किमी जाऊन पुन्हा २० टक्के.

दुसऱ्या थांब्यावर ६० किलोवॉटचं मशीन, पण शेजारच्या गनवर आधीच एक गाडी. वीज वाटली गेली आणि वाट्याला ३० किलोवॉट आले. इथे मात्र ९० टक्क्यांपर्यंत थांबलो, तासाच्या वर. घाट समोर असताना ते गरजेचंच होतं, आणि मशीनच हळू असलं की ८०च्या पुढची संथ गती फारशी जाणवत नाही. माणसांसकट दोन टनांची गाडी ७०० मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चावर साधारण साडेचार युनिट जादा लागतात, म्हणजे बॅटरीचे १० टक्के. १६५ किमी संपले तेव्हा २१ टक्के उरले होते.

मुक्कामी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री १० तास लावली तर परतीची बरीचशी सोय होते. अर्थिंग नसेल तर पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. त्याला बगल देणारे अडॅप्टर वापरू नका, गाडीच्या बॉडीला हात लागला तर शॉक बसू शकतो. परतीला आधी घाट उतरायचा असेल तर ९० टक्क्यांवरच निघा. भरलेल्या बॅटरीत रीजनला, म्हणजे उतारावर मोटरने परत बनवलेल्या विजेला, जागा नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.