कार्बोरेटर निर्दोष, मॅनिफोल्ड सैल: जुन्या एमजीबीच्या ट्युनिंगचा माझा अनुभव

दोन कार्बोरेटरांची जुनी गाडी आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, अडखळू लागली की गॅरेजमधल्या माणसाचा हात सगळ्यात आधी जेटच्या (पेट्रोल येणाऱ्या बारीक नळीच्या) नटाकडे जातो, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच सुरू होतो. माझी गाडी 1960च्या दशकातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिच्या 1798 सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनावर एसयू बनावटीचे, एचएस 4 जातीचे, दीड इंची व्यासाचे दोन कार्बोरेटर असतात. पुढचा कार्बोरेटर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला पेट्रोल-हवेचे मिश्रण देतो, मागचा तिसऱ्या आणि चौथ्याला, कारण या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनटेक पोर्ट (मिश्रण आत घेणारे तोंड) आहे.

गाडी थंड असताना चोकवर अगदी शहाण्यासारखी चालत असे. इंजिन गरम झाले की मात्र आयडलिंग वर-खाली होऊ लागे, पायाखालचा थ्रॉटल सोडल्यावरही रेस पटकन उतरत नसे, आणि सिग्नलला उभे असताना मागचे दोन सिलिंडर अधूनमधून मिसिंग करत. त्यातही बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की बराच वेळ आयडलिंगवर चालवून प्लग काढले तर मागचे दोन पांढरट दिसत आणि मोकळ्या रस्त्यावर लांबचा पल्ला मारून काढले तर तेच दोन काजळीने काळे झालेले असत. मी ज्या गॅरेजमध्ये गाडी नेत होतो, तिथे दर वेळी ‘ट्युनिंग’ होत असे, म्हणजे मागच्या कार्बोरेटरचा जेटचा नट आणखी थोडा खाली फिरवून मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, केले जाई आणि गाडी माझ्या ताब्यात दिली जाई. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटर आणि हेड यांना जोडणारा नळीचा भाग, तपासा, असे मी सांगितले की ‘गॅस्केट नवीनच आहे’ हे उत्तर ठरलेले होते.

व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटमधली 0.35 ते 0.40 मिलिमीटरची फट आणि इग्निशनचे टायमिंग या गोष्टी मी घरीच तपासल्या. त्या ठीक होत्या. त्या ठीक असल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये, कारण कमजोर ठिणगीचे आणि लीन, म्हणजे कमी पेट्रोलच्या, मिश्रणाचे लक्षण आयडलिंगला बरेचसे सारखे दिसते. थ्रॉटलची चकती ज्या दांडीवर फिरते, त्या स्पिंडलमध्येही फारसा खेळ नव्हता. तो पाहण्याची पद्धत सोपी आहे: स्पिंडलचे टोक बोटाने वर-खाली हलवून पाहायचे, आणि खट्‌खट् जाणवले तर त्या जागी नवे बुश बसवल्याखेरीज पुढचे सारे श्रम वाया जातात. नंतरच्या काही एचएस 4 कार्बोरेटरांच्या बटरफ्लायवरच (थ्रॉटलच्या चकतीवरच) एक लहान स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला तरी रेस उतरत नाही, त्यामुळे तोही पाहून घ्यावा.

आता मुख्य अडचणीकडे येतो. गॅरेजमध्ये दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाला हवा मोजण्याचे यंत्र लावून दोन्हींचे आकडे समान केले जात, आणि ‘बॅलन्स बरोबर आहे’ असे सांगितले जाई. यंत्र खोटे बोलत नव्हते, पण ते फक्त कार्बोरेटरच्या तोंडातून जाणारी हवा मोजते. कार्बोरेटरच्या पलीकडे, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यातून इंजिन जी चोरटी हवा घेते, ती यंत्राला दिसतच नाही. आयडलिंगला बटरफ्लाय जवळजवळ बंद असल्याने मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरदार असतो आणि एकूण हवा अगदी थोडी लागते, म्हणून बारीकशा फटीतून शिरलेली हवाही मिश्रण लीन करून टाकते. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम उतरतो, कार्बोरेटरमधून भरपूर हवा येते आणि त्या फटीचा वाटा नगण्य होतो. मग आयडलिंगची भरपाई म्हणून खाली उतरवलेला जेट रस्त्यावर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो. पांढऱ्या आणि काळ्या प्लगांचे कोडे एवढेच होते. पुढच्या आणि मागच्या जेटच्या नटांमध्ये मोठा फरक ठेवल्याशिवाय इंजिन चालत नसेल, तर नट आणखी फिरवण्याऐवजी हवा कुठून शिरते आहे ते शोधावे, असे मी आता ठामपणे सांगतो.

हवा शोधण्यासाठी पुष्कळ जण चालत्या इंजिनावर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टवर ज्वालाग्राही द्रव उडवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. मी इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरांची तोंडे बंद केली आणि मॅनिफोल्डवरच्या व्हॅक्यूमच्या जोडातून अगदी हलक्या दाबाने धूर सोडला. मागच्या इनटेक पोर्टाच्या खालच्या कडेला, स्टडवरच्या (हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांडीवरच्या) जाड वॉशरच्या मागून, धुराची एक बारीक रेघ सावकाश वर आली.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्या वॉशरनेच सगळा उलगडा केला. एमजीबीच्या हेडवर पोर्टांमधल्या स्टडांवरचा एकेक जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवर) आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकतो, आणि एकच नट दोघांना दाबून धरतो. माझ्या वॉशरची एक बाजू घासून चकचकीत झाली होती, तर दुसऱ्या बाजूवर जुना गंज जसाच्या तसा होता. आधीच्या मालकाने मूळ बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून नळ्यांचे बसवले होते, आणि व्हर्नियरने मोजल्यावर त्याचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा जाड निघाला. फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी होता, पण नट कितीही आवळला तरी वॉशर एक्झॉस्टवरच अडत होता आणि इनटेक गॅस्केटवर नुसते टेकून राहत होते. गॅस्केट खरोखरच नवीन होते, यात गॅरेजचे म्हणणे चूक नव्हते.

इथून पुढे सगळे सुरळीत व्हायला हवे होते. इनटेकचा पृष्ठभाग मी पोलादी सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासला होता आणि तो सपाट होता. म्हणून वर्कशॉपला मी चिठ्ठीत स्पष्ट लिहून दिले की मॅनिफोल्ड फक्त मापासाठी आहे, त्याला हात लावू नका, फरकाएवढी पायरी पाडलेले वॉशर तेवढे करून द्या. बरेच दिवस ‘आज होईल, उद्या होईल’ ऐकून घेतल्यावर जे हाती आले, ते म्हणजे हेडला चिकटणारी बाजू छान घासून आरशासारखी केलेले मॅनिफोल्ड, आणि वॉशर अजून व्हायचेच होते. इनटेकचा फ्लँज आधीच पातळ होता. त्याचीच बाजू घासल्याने तो आणखी पातळ झाला आणि फरक वाढला. हे समजावून सांगताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे ‘एवढे सुंदर काम केले आणि वर तक्रार’ असे भाव होते, ते आठवले की अजूनही चिडचिड होते. बिलात त्या घासकामाचे पैसे लावलेले होतेच. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून, नव्याने मोजलेल्या फरकानुसार, पायरीचे वॉशर करून घेतले. मॅनिफोल्ड कुणाच्याही हाती देण्याआधी प्रत्येक फ्लँजची जाडी मोजून स्वतःजवळ लिहून ठेवावी.

पायरीचा वॉशर नट आवळताना नटाबरोबर फिरू पाहतो आणि पायरी तिरकी बसते, म्हणून तो पकडीने धरून ठेवावा लागतो. नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करून आवळावेत, आणि इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

त्यानंतरचे ट्युनिंग मी स्वतः केले आणि ते इतके सहज झाले की आधीच्या महिन्यांचा राग दुप्पट झाला. दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लँप सैल केले. दोन्ही जेट, कार्बोरेटरमधल्या सरकत्या पिस्टनखालच्या पुलाशी (जेट ज्यातून वर येतो त्या उंचवट्याशी) समतल आणून तिथून षट्कोनी नटाच्या बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली उतरवले. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींची फुसफुस आयडलिंगच्या स्क्रूने सारखी केली. मग पिस्टन उचलण्याच्या खिळीने पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर उचलून पाहिला: रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण रिच, इंजिन बंद पडू लागले तर लीन, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. शेवटी क्लँप आवळून सुमारे 1500 आरपीएमला फुसफुस पुन्हा ऐकली, कारण आयडलिंगला जुळलेले थ्रॉटल दांडा तिरका आवळला गेला तर पुढे वेगवेगळे उघडतात. आता पुढच्या आणि मागच्या नटांमध्ये एका बाजूचाही फरक नाही. 

हे आधी सांगायला हवे होते: कार्बोरेटर उघडाल तेव्हा पुढचा पिस्टन आणि त्याचे झाकण मागच्यात मिसळू देऊ नका. ही जोडी एकमेकांसाठी घासून बसवलेली असते. पिस्टनला पॉलिश पेपर कधीच लावू नये, पातळ द्रावणाने पुसणे पुरेसे आहे. पिस्टन उचलून सोडल्यावर तो पुलावर टक् असा आवाज करून बसला पाहिजे. अडखळला तर बहुधा पिस्टनची जेटमध्ये शिरणारी सुई जेटला घासत असते. डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या तेलाच्या पोकळीत, एसएई 20 तेल भरावे. ते आटले की थ्रॉटल एकदम उघडल्यावर पिस्टन फार झटकन वर जातो आणि इंजिन गचका खाते.

आणि थंड इंजिनासाठी जेट खाली ओढणारी चोकची केबल जोडताना, चोक पूर्ण आत असताना तिच्यात थोडी ढील ठेवावी, नाहीतर दोन जेटांपैकी एखादा पूर्ण वर येत नाही आणि तुम्ही पुन्हा त्याच नटाशी खेळत बसता.