फळीवर उभ्या राहिलेल्या बायका

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावर तरुण पुरुष भेटायचा तर दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला यावं. एरवी ही माणसं तमिळनाडू, केरळ, आंध्र अशी देशभर पसरलेली असतात, गलाईच्या दुकानांत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. दुष्काळानं इथल्या माणसांना ती वाट धरायला लावली. पुढं टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणलं, द्राक्षबागा वाढल्या, पण बाहेर गेलेली माणसं तिकडंच रुजली. गावात राहतात म्हातारी माणसं, बायका, शाळकरी पोरं आणि जनावरं. मी या भागात सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर आहे. माझं बोलणं होतं ते बहुतेक बायकांशीच.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी फोनही एका बाईचाच आला. “डॉक्टर, म्हस अडलीया. काल दुपारपासनं ऊठबस करतीया, कळा देतीया, पर पाणमोट काय दिसंना.”

पाणमोट म्हणजे रेडकाच्या आधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी. काल दुपारपासून, हे ऐकल्याबरोबर मला पुढचं दिसायला लागलं. मी गाडीला किक मारली.

म्हैस पंढरपुरी, तिसरं वेत. शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. कास तटतटलेली, पण अंग ढिलं पडलेलं नाही आणि योनीची एक कड आत ओढल्यासारखी दिसत होती. साबणानं हात धुऊन, तेल लावून तपासलं. आतली वाट सरळ लागायला हवी, ती अरुंद होत होत उजवीकडं वळत गेली. ओल्या लुगड्याला पिळून काढताना पडतात तशा घड्या बोटांना लागल्या. गर्भाशयाला पीळ बसला होता. म्हशीचं पोट खोल, गर्भाशय धरून ठेवणारे पडदे त्या मानानं कमजोर, त्यामुळं हा प्रकार गाईपेक्षा म्हशीत जास्त दिसतो. पिळानं रक्तपुरवठा आवळला जातो. जितका वेळ जाईल तितकं आधी रेडकू जातं आणि मग म्हैस.

मालकीण तिशीतली. नवरा कोईमतूरला गलाईच्या दुकानात पगारी कामगार. अर्धा एकर जमीन, तीत शाळू. म्हैस घेतली होती बचत गटाच्या कर्जातून. संकलन केंद्रावर दुधातली फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक, बघून दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्याच बिलातून हप्ता, पेंड आणि पोरांच्या वह्या. गेले काही महिने म्हैस भाकड होती. ३१० दिवसांचा गाभणकाळ, त्यातले शेवटचे दोन महिने नुसतं खाऊ घालायचं. म्हणजे घर जे काही थांबून होतं ते या एका दिवसासाठी. मी पिळाबद्दल सांगत होतो तेव्हा तिनं मध्येच विचारलं, “वाचंल का वो?” म्हशीबद्दल विचारलं की रेडकाबद्दल, हे मी विचारलं नाही.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची तर वाटेत खंबाटकीचा घाट, आणि कळा देणारी म्हैस टेम्पोत उभी राहणार नाही. गोठ्यात पोट फाडायचं हा शेवटचा मार्ग. त्याआधी लोळवून पीळ सोडवायचा प्रयत्न करायचा. म्हशीला उजव्या कुशीवर पाडायचं, पोटावर लांब फळी ठेवायची, फळीचं एक टोक जमिनीवर, त्यावर माणसं उभी राहून रेडकाला जागेवर दाबून धरतात, आणि त्याच वेळी बाकीचे पाय धरून म्हशीला पाठीवरून सावकाश डाव्या कुशीवर नेतात. गर्भ जागेवर राहतो, शरीर त्याच्याभोवती फिरतं आणि पीळ उलगडतो. सांगायला सोपं आहे. करायला आठ-दहा धडधाकट माणसं लागतात.

मी गल्लीत नजर टाकली. गुडघे गेलेला सासरा, दोन शाळकरी पोरं आणि दूध घालून परत निघालेला एक म्हातारा.

“माणसं कुठनं आणू?” ती म्हणाली आणि तशीच रस्त्यावर धावली. थोड्या वेळात बायका यायला लागल्या. बहुतेक बचत गटातल्या. त्यातल्या काही द्राक्षबागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला निघालेल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या, हातात भाकरीचा डबा. एकीनं विचारलं, “आजचा रोज बुडंल की गं.” दुसरी म्हणाली, “म्हस मेली तर हप्ता कोण भरंल? आपुनच की.” गटाचं कर्ज असंच असतं, एकीचं थकलं की सगळ्यांच्या सह्या अडकतात. पण नुसत्या हप्त्यासाठी त्या आल्या असत्या, तर मालकिणीला बाजूला बसवून तिच्या पाठीवरनं हात फिरवायला कुणी थांबलं नसतं.

जुन्या दाराची फळी काढली. मोकळ्या जागेत वैरण पसरली. मी कॅल्शियम आणि सलाईन लावलं, मग दोरखंडानं म्हैस पाडली. सगळ्यात अवघड गेलं ते डोकं. पंढरपुरीची शिंगं जमिनीत रुतली तर मान मुरगळते, म्हणून एका आजीला डोक्याशी बसवलं. सत्तरीच्या पुढची बाई, पण वळणावर शिंगं उचलून अलगद फिरवण्यात तिचा हात एकदाही चुकला नाही. फळीवर तिघी चढल्या, एकमेकींच्या खांद्यांना धरून. बाकीच्या पायाच्या दोरांवर.

पहिल्यांदा लोळवलं, तपासलं, पीळ तसाच. दुसऱ्यांदा थोडा सैल. तिसऱ्या वेळी म्हैस डाव्या कुशीवर येताच आतून पाण्याचा लोट बाहेर आला आणि माझा हात सरळ आत गेला. “सुटला!” मी ओरडलो. फळीवरच्या तिघींना उतरायचं भानच राहिलं नव्हतं.

बोटांना रेडकाचे खूर लागले. मी चिमटा घेतला. पाय मागं ओढला गेला नाही. पुन्हा घेतला, तरी नाही. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडायला बराच वेळ गेला, मग दोऱ्या लावून, कळ येईल तसं ओढत बाहेर काढलं. रेडी होती, पूर्ण वाढीची, मेलेली. चार-पाच तास आधी पोचलो असतो तर कदाचित जगली असती. हे मी त्या बाईला त्या दिवशी सांगितलं नाही.

रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, “इंजेक्शन देत जा रोज, आपोआप सोडंल.” रोज सुई टोचून दूध काढायच्या या प्रकारानं जनावराचे हाल होतात. मी तिथंच ठणकावून नाही म्हटलं. मेलेली रेडी आईला चाटू दिली. मग कोमट पाण्यानं कास शेकायची, धारेला बसायच्या आधी पुढ्यात आंबोण ठेवायचं, रोज त्याच वेळी, त्याच माणसानं. आजीनं ते काम अंगावर घेतलं. संध्याकाळपर्यंत जार, म्हणजे वार, पडला. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं की चिकाची पहिली धार निघाली, थोडी का होईना. पुढं म्हैस पूर्वीइतक्या दुधावर काही आली नाही, पण हप्ता भरण्यापुरती आली.

पुढच्या गट-बैठकीत त्यांनी मला बोलावलं. कळा सुरू होऊन दोन-तीन तास झाले, पाणमोट दिसत नाही, म्हैस पोटावर लाथा मारते, वैरण सोडते, तर थांबायचं नाही, मला नाहीतर १९६२ या जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा, एवढंच सांगितलं. फळीवर चढलेल्यांपैकी एकीची म्हैस दिवसात होती. तिचा फोन आठवड्यातच आला, पहाटे.

“डॉक्टर, दोन तास झालं. येताय न्हवं?”

रेडकाचा पुढचा पाय गुडघ्यात मागं दुमडलेला होता. सरळ करून घेतला. रेडी जिवंत आली.