एमबीए फायनान्स राहू द्या, आधी तीन वर्षांचा दाखला काढा

एमबीएच्या सीईटीत ८८ पर्सेंटाइल आले तेव्हा वाटले, अवघड होते ते संपले. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, शंभरातली किती मुले आपल्या मागे ते, हे बाबांना समजावण्यात रात्र गेली एवढेच.

एमकॉम की एमबीए फायनान्स, हा वाद घरात फार चालला नाही. २०२४ पासून ओबीसी मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क माफ आहे, यावर बाबा तयार झाले. (घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतले तर माफी नाही.)

पण ओबीसीत धरायला नॉन-क्रीमीलेअर लागते, म्हणजे घर सधन गटात मोडत नाही असे प्रमाणपत्र. माझे ३१ मार्चलाच संपले होते. ते नसेल तर मी खुल्या गटात, आणि खुल्या गटाच्या कटऑफने माझ्या यादीतली निम्मी कॉलेजे गळत होती.

सेतू केंद्रात अर्ज टाकला. पाच दिवसांनी त्रुटी निघाली: उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा जोडला, तीन वर्षांचा पाहिजे. अर्ज भरणाऱ्याला हे भरतानाच दिसले नाही? मग तलाठ्याकडे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, आमच्या गावाला ते कोणी सांगितले नाही.) सोमवारी कुलूप. बुधवारी "साहेब मीटिंगले गेले." शुक्रवारी भेटले तर म्हणाले, "काहून एवढी घाई करतं वं पोरी?" बाबा डवरणी टाकून माझ्यासोबत आले होते. "सही मारा ना साहेब, बैलं उभे हायेत," एवढेच बोलले.

सही झाली, तर तहसीलचा बाबू शेतीचे उत्पन्न मोजत बसला. क्रीमीलेअर ठरवताना शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत. मी मोबाइलवर नियम काढून दाखवला. "तू मले शिकवतं का?" अरे, धरले तरी चार एकर कपाशीतून ८ लाख कुठून निघणार! तिथून फाइल एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसला गेली आणि अकरा दिवस तिथेच झोपली. रोज वेबसाइट उघडायची, रोज तेच 'प्रलंबित'.

अर्जाची पोचपावती जोडून कॅपची नोंदणी होते, हे मला सेतूत नाही, एका सीनियर ताईकडून कळले. मूळ दाखला मात्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यावाच लागतो. माझा दोन दिवस आधी आला. एसएमएस वाचून मी वावरातच मटकन बसले.

कॉलेज निवडताना मागच्या वर्षीचा कटऑफ बघा, पण रकाना नीट बघा. रकान्याच्या नावात शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्याच विद्यापीठाची मुले; ओ म्हणजे बाहेरची. मी अमरावती विद्यापीठाची, आणि दोन दिवस पुण्याच्या कॉलेजांचा एच बघून खुश होत होते. जमनालाल बजाजांचे वर्धा आमच्या शेजारचे, पण त्यांच्या नावाच्या मुंबईच्या संस्थेचा कटऑफ बघून ते पान लगेच मिटले. फायनान्सला किती मुले बसतात आणि शिकवणारे कायमचे आहेत का, हे तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. माहितीपत्रकात सगळीकडे हसरे फोटोच असतात. आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले की ते घ्यावेच लागते, म्हणून शोभेसाठी तिथे काही टाकू नका.

मला नागपूरचे लागले, तिसऱ्या पसंतीचे. धाकट्या भावाची सीईटी पुढच्या वर्षी आहे. त्याचा तीन वर्षांचा दाखला मी एप्रिलमध्येच काढायला टाकणार आहे.